डाव्या कानाचं यंत्र

बाबांचा उजवा कान राइस मिलने नेला. डावा शिल्लक आहे, तोही यंत्राच्या भरवशावर. आयुष्यभर ते मिलच्या इंजिनापाशी उभे राहिले. इंजिनाच्या आवाजात जरा फरक पडला की मालकाच्या आधी त्यांना कळायचं. आता दारात कोणी हाका मारून दमलं तरी पत्ता लागत नाही.

मायला कंपवात आहे. हात थरथरतात ते सगळ्यांना दिसतं, पण आवाज बसत चाललाय हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आमच्याही नीट लक्षात आलं नव्हतं. सर्दीने बसतो तसा तो बसत नाही. रेडिओचं बटण कोणीतरी रोज थोडं थोडं मागे फिरवावं, तसं ते असतं. डॉक्टर म्हणाले, पुढे पुढे शब्द कळणंही अवघड जाईल. किती पुढे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दोन्ही गोष्टी एकाच पावसाळ्यात आल्या, म्हणून सगळा घोटाळा झाला. मायचा आवाज उतरायला लागला आणि त्याच सुमारास बाबांचं यंत्र ओल लागून बंद पडलं. नागपूरहून ते दुरुस्त होऊन आलं, पण आतलं सर्किट बदलून. मॉडेल तेच, फक्त कोरं. कानातलं यंत्र म्हणजे लहानसा भोंगा नव्हे. कोणता आवाज किती वाढवायचा आणि कोणता तसाच सोडायचा, हे त्या त्या माणसाचा कान तपासून त्यात भरावं लागतं. कोरं यंत्र सगळ्यालाच सारखं वाढवतं. चमचा पडला की बाबा दचकायचे, आणि समोरचा माणूस बोलला की त्यांना गोधडीतून बोलल्यासारखं वाटायचं.

बाबांनी यातून एकच निष्कर्ष काढला. "मशीन बिघडून राहिली. तुया मायचं त एक अक्षर येत नाई."

मशीन बिघडली होती हे खरंच होतं. त्यामुळे उरलेली गोष्ट, मायचा आवाजच उतरतोय ही, त्यांना सांगायची वेळ आमच्यापैकी कोणावर आली नाही.

माझी बायको घरात दुभाषी झाली. माय काहीतरी पुटपुटायची, बायको तिच्या तोंडाजवळ कान न्यायची आणि मग बाबांकडे वळून मोठ्याने सांगायची.

"त्या म्हणतात, औषध घेतलं का!"

"कोण म्हणते?"

"सासूबाई!"

"मंग तिले म्हणू दे ना, बाई. तू कायले वरडून राहिली?"

माय यावर काहीतरी म्हणायची. बायकोला हसू यायचं, आणि ते मात्र ती बाबांना सांगायची नाही. बाबा दोघींकडे आळीपाळीने पाहत राहायचे. ज्याच्या घरात त्याच्यावर विनोद होतो आणि तो त्यालाच पोचत नाही, अशा माणसाचा चेहरा मी तेव्हा बरेच दिवस पाहिला. हळूहळू मायनेच बोलणं कमी केलं. दर वाक्य दोनदा आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून जाणार असेल, तर माणूस कामापुरतंच बोलतो.

त्याच काळात कोहमाऱ्याच्या एका मंगल कार्यालयात मोफत श्रवणयंत्र वाटपाचं शिबिर झालं. आमच्या गावातूनही म्हाताऱ्या माणसांना गाडीत बसवून नेलं. मी बाबांसोबत गेलो. मंचावर सोफे होते आणि पाहुण्यांसाठी शाली. मंचाच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर. ऐकू येणारे पाहुणे स्पीकरजवळ बसले आणि ऐकू न येणारे मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मग ज्यांना ऐकू येत नाही म्हणून बोलावलं होतं, त्यांच्यापुढे बराच वेळ भाषणं झाली. श्रोते इतके शांत होते की वक्त्यांना हुरूप चढत गेला.

वाटपाची पद्धत अशी होती. एकेकाला वर न्यायचं, प्रमुख पाहुण्यांनी त्याच्या कानात यंत्र घालायचं, फोटो काढायचा आणि माइकवरून विचारायचं, "येते का ऐकू, आजोबा?" त्या स्पीकरमधून विचारलेला प्रश्न शेजारच्या गावातही ऐकू गेला असेल. प्रत्येक जण मान हलवून हो म्हणत होता. बाबाही म्हणाले. टाळ्या झाल्या. खाली उतरल्यावर मागच्या दाराशी एक बाई सगळ्यांना लहानसं पाकीट देत होती. त्यात यंत्राच्या बॅटऱ्या होत्या.

बाबांनी पाकीट फाडलं, बॅटरी तळहातावर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे वर हे नोहोतंच आतमधी?"

"नव्हतं," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो. "मग तुम्ही हो कायले म्हटलं?"

"एवढा मोठा माणूस वाकून विचारून राहिला. नाई म्हणणं बरं दिसते का?"

घरी आल्यावर त्यांनी बॅटरी घालून ते लावून पाहिलं. स्वयंपाकघरात कुकर होता. शिट्टी झाली तसं त्यांनी ते यंत्र कानातून उपसून काढलं आणि रुमालात गुंडाळून फडताळात ठेवून दिलं. ते तिथेच आहे. आमच्या भागात अशी बरीच फडताळं असतील.

नंतर एका सकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, घरात बसूनच. गावात अजून पुष्कळांना वाटतं की मी बेकार आहे. बाबांना तसं वाटत नाही, पण मी नेमकं काय करतो याबद्दल त्यांनी कधी चौकशीही केलेली नाही.

"तू कम्प्युटरचा माणूस," ते म्हणाले. "थ्या गोंदियाच्या मॅडमकडं जा. तिनं भरलं होतं थे पुन्हा भरून आण. मले तुया मायसंग बोलाचं आहे."

"बोला ना मग."

"मी त बोलतोच. तिचं आयकाचं आहे. म्हून म्हणतो, लवकर कर."

'लवकर' हा शब्द त्यांनी का वापरला, हे मी तेव्हा विचारलं नाही.

ज्या मॅडमनी पूर्वी हे यंत्र बसवून दिलं होतं, त्यांनी दवाखाना बंद केला होता. गोंदियात बाजाराच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या घरात त्या राहतात. त्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारख्या हसल्या.

"अरे भैया, ये मॉडेल तो कंपनीने कब का बंद कर दिया. नए सॉफ्टवेअर में इसका नाम भी नहीं है. पुराना वाला चाहिए, और वो मेरे पुराने कम्प्युटर में था."

"आणि तो कम्प्युटर?"

"गया. मगर भतीजे ने जाने से पहले पूरा कम्प्युटर एक फाइल में डाल दिया था. बोला, बुआ, संभालके रखना. मैंने रखा. अब फाइल में से कम्प्युटर वापस कैसे निकालते हैं, ये बताके नहीं गया."

ती फाइल आणि यंत्र ज्याला जोडायचं ती लहान पेटी घेऊन मी घरी आलो.

एका संगणकाच्या पोटात दुसरा, नसलेला संगणक चालवणारा एक प्रोग्राम असतो. त्याला हायपरव्हायजर म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम घरमालकाचं. आत राहणाऱ्या भाडेकरूला, म्हणजे जुन्या विंडोजला, तो डिस्क, पडदा, नेटवर्क कार्ड असं सगळं दाखवतो. त्यातलं खरं काहीच नसतं, पण भाडेकरूची तक्रार नसते. असे घरमालक बरेच आहेत आणि प्रत्येकाचं सामान वेगळं. शिवाय एकाच घरमालकाचंही जुनं सामान वेगळं, नवं वेगळं. कोणतं सामान कोणत्या पिढीचं, हे कळावं म्हणून त्याला आवृत्तीचा क्रमांक देतात. मॅडमच्या भाच्याने जो हायपरव्हायजर वापरला होता, त्याची ती जुनी पिढी केव्हाच मोडीत निघाली होती आणि माझ्या मशीनवर तो बसतच नव्हता. माझ्याकडचा वेगळ्याच घराण्याचा होता. तेव्हा माझ्या हायपरव्हायजरने भाच्याच्या हायपरव्हायजरचं सोंग घ्यावं, एवढाच मार्ग राहिला.

मूळ फाइल बाजूला ठेवून मी तिच्या प्रतीवर काम सुरू केलं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा निळा पडदा आला आणि सगळं ठप्प झालं. हे अपेक्षित होतं. विंडोज आपली डिस्क शोधत होतं आणि ज्या कपाटात ती असायची ते कपाटच घरात नव्हतं.

मग मी आमच्या धंद्यातली नेहमीची चूक केली. सोंग घ्यायचंच तर चांगल्यातलं घ्यावं म्हणून भाच्याच्या हायपरव्हायजरच्या घराण्याचं सगळ्यात नवं सामान मांडलं. पुन्हा निळा पडदा. ते बिचारं विंडोज त्या सामानाच्या जन्माआधीचं होतं. नवं म्हणजे चांगलं, हे आम्ही लोकांना इतक्या वेळा सांगतो की शेवटी आमचाही त्यावर विश्वास बसतो.

जेवण करून पुन्हा बसलो. फाइलच्या सोबत मशीनचं वर्णन होतं, त्यातून जुन्या सामानाची आवृत्ती कळली. मग एकेक वस्तू त्या पिढीची केली. मदरबोर्ड त्या काळचा, डिस्कचा कंट्रोलर त्या काळचा, पडद्याचं कार्डही. नेटवर्क कार्डाला पूर्वीचाच क्रमांक दिला. मशीन कोणी बनवलं, असं विंडोजने विचारलं तर सांगायचं नावही तेच ठेवलं. या वेळी निळा पडदा आला नाही. जरा वाट पाहायला लावून एक डेस्कटॉप उघडला. मागे डोंगरातल्या एका देवीच्या मंदिराचा फोटो होता आणि त्यावर मॅडमनी आपल्या सोयीने मांडलेली चिन्हं. कोणाच्या तरी बंद दवाखान्यात कुलूप उघडून शिरल्यासारखं मला वाटलं.

पण यंत्र जुळवायचा प्रोग्राम उघडेना. तो सुरू व्हायचा आणि 'हा तो संगणक नाही' अशा अर्थाचं काहीतरी लिहून बंद पडायचा. बाकी सगळे फसले होते, हा एक फसत नव्हता. बरंच शोधल्यावर कळलं. त्या घराण्याच्या हायपरव्हायजरला एक लहानसं ठरलेलं दार असतं. आतला प्रोग्राम तिथे जाऊन विचारू शकतो, मला चालवणारा कोण आणि कितवा? फाइल केल्यावर भाच्याने हा प्रोग्राम त्याच हायपरव्हायजरवर पुन्हा नोंदवला होता, म्हणून तो तिथे जाऊन विचारत होता आणि माझ्या बाजूने कोणीच उत्तर देत नव्हतं. मी ते दार उघडलं आणि तिथे दुसऱ्याचं नाव आणि जुना क्रमांक सांगायची व्यवस्था केली. प्रोग्रामने विचारलं, उत्तर मिळालं, आणि तो उघडला.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. पण तिथे बसल्या बसल्या हेही मनात आलं की, जग बदललेलं नाही असं एखाद्याला वाटत राहावं म्हणून चारी बाजूंनी जुनं सामान मांडून ठेवायचं, हे काम मी एकटाच करत नव्हतो. घरात बाबा विचारायचे, "मशीनच बिघडली ना?" आणि आम्ही सगळे म्हणायचो, "हो, मशीनच." आमचंही उत्तर ठरलेलं होतं.

मायला कुठे नेणं शक्य नव्हतं आणि बाबा तिला सोडून जायला तयार नव्हते, म्हणून मॅडमच आल्या. गोंदियाहून गाडीने सौंदडला उतरल्या. मी स्टेशनवरून त्यांना घेऊन आलो. वाटेत दोन्हीकडे धान उभं होतं. मॅडम म्हणाल्या, "इतनी शांति है यहाँ. यहाँ तो बिना मशीन के भी सुनाई देना चाहिए."

ओसरीत टेबल मांडलं. मायला खुर्चीत उशा लावून बसवलं. बाबांच्या कानात यंत्र, यंत्राची वायर पेटीत, पेटी माझ्या लॅपटॉपला, आणि लॅपटॉपच्या पोटात मॅडमचा नसलेला संगणक. पडद्यावर अक्षरं आली: डावा कान, यंत्र सापडलं. मॅडमनी चष्मा लावला आणि त्यांचे हात त्या जुन्या प्रोग्रामवर असे फिरायला लागले, जसा एखाद्याचा हात आपल्या घरातल्या दिव्याच्या बटणावर अंधारातही बरोबर पडतो.

"अंकलजी, कैसा लग रहा है?"

"जरा कमी करा. कावळा डोक्यात बसून राहिला."

मॅडमनी काहीतरी खाली ओढलं.

"अब?"

"आता झाडावर गेला."

मॅडम हसल्या. त्यांनी पाठमोरं होऊन टाळी वाजवली, कागद चुरगाळला, स आणि श म्हटलं. बाबा प्रत्येक वेळी बोट वर करत होते. माझ्या बायकोने आतून सवयीने ओरडून विचारलं, "चहा ठेवू का?" आणि बाबा म्हणाले, "ठेव, बाई. पण वरडू नको आता. तुया आवाज गोड आहे, मले आजच समजलं." बायको दारातच थबकली. पलीकडच्या गल्लीतली सायकलची घंटा त्यांनी ओळखली. परसातल्या नळाचं थेंब थेंब गळणं त्यांना ऐकू आलं आणि वॉशर बदलला नाही म्हणून त्यांनी तिथल्या तिथे मला सुनावलं.

मग ते मायकडे वळले. "बोल आता."

"काय बोलू?" माय म्हणाली. मी तिच्याजवळ होतो म्हणून मला कळलं.

बाबा थांबले. "बोल ना."

"बोलून राहिली ना जी."

बाबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी आवाजाचा पडद्यावरचा बाण पुन्हा वर नेला. "आंटीजी, और एक बार." माय बोलली. बाबांनी मान हलवली, नाही. मॅडमनी आणखी वर नेला, तसं यंत्र शिट्टी मारायला लागलं. त्यांनी तो खाली आणला. माणसाच्या आवाजाची पट्टी तेवढी उचलून पाहिली, बाकीचं दाबून पाहिलं. प्रोग्राम सांगेल ते सगळं करत होता. शेवटी त्यांनी हात टेबलावर ठेवले आणि हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "मशीन बिलकुल बराबर है, भैया. इससे आगे जाने की जगह नहीं है."

त्यांनी ते हलक्या आवाजात म्हटलं खरं, पण समोर बसलेल्या माणसाचा कान त्यांनीच आत्ता दुरुस्त केला होता.

परसात नळ गळत होता. बाबांनी यंत्राला हात लावला, काढलं नाही, नुसतं चाचपलं. बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही त्याच वेळी दुसरीकडे पाहिलं, आणि त्यांना हवं ते उत्तर मिळालं असावं.

"मशीन ठीक आहे," बाबा म्हणाले. एवढंच. मग थोड्या वेळाने, "मॅडम, तुमी चांगलं काम केलं. आवाज तिचा सरून राहिला. थे काई तुमच्या कम्प्युटरमधी येत नाई."

मॅडमनी वायर काढून दिली. बाबा उठले, आपली खुर्ची ओढत मायच्या खुर्चीला टेकवली, आणि डावा कान तिच्या तोंडाशी येईल असे वाकून बसले. चारचौघांत त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे नवरा-बायको लग्नाच्या फोटोतसुद्धा मध्ये जागा सोडून उभे राहतात.

मायची मान थरथरत होती. ती म्हणाली, "एवढे जवळ कायले येऊन राहिले जी? लोकं पाहून राहिले."

बाबांच्या चेहऱ्यावर ते वाक्य पोचलेलं मला दिसलं. कोणी मध्ये ओरडून सांगितलं नव्हतं.

"पाहू दे," ते म्हणाले, नेहमीसारखं मोठ्याने. "कधीचं बोलून राहिली होती तू हे सगळं?"

"रोजच."

"मंग सांग पुन्हा. सुरवातीपासून."

"मले दम लागते."

"मले घाई नाई."

मी लॅपटॉप मिटला. बायकोने मॅडमना चहासाठी आत बोलावलं आणि मीही त्यांच्यामागे गेलो. ओसरीतून बाबांचा आवाज येत होता, अधूनमधून एखादा शब्द, हो, नाही, कोण म्हणते, आणि त्या शब्दांच्या मधल्या जागेत मायचं बोलणं चाललं होतं. आत बसलेल्या आम्हा कोणालाच ते ऐकू येत नव्हतं.